ठरलेले पैसे देत नाहीत, काय करू? (तातडीने मदत हवी)

त्रस्तआत्मा
३८ हजार ठरले होते. तीन महिने झाले, खात्यात २४ हजारच येतायत. विचारलं की "वरून बिल पास झालेलं नाही". अकाउंट्सच्या बाई सांगतात साहेब टूरवर आहेत. साहेबांना मेसेज केला की दोन निळ्या टिका उमटतात आणि पुढे शांतता. काल रात्री अकरा वाजता उत्तर आलं, "बघतो". बस, एवढंच. राजीनामा तोंडावर फेकू का? फेकला तर अडकलेले पैसे बुडतील का? सबुरीचा सल्ला देऊ नका, ती संपली आहे. पटकन सांगा.

शंकासुर
पटकन सांगायला आधी माहिती तर द्या मालक. ठरले म्हणजे कागदावर ठरले की चहा पिताना? 'वरून' म्हणजे कुठून? तुम्ही कंपनीचे की ठेकेदाराचे? आधी पूर्ण पैसे मिळत होते का?

अनुभवी_काका
मी यातून गेलोय. कामगार आयुक्तांकडे जाऊन उपयोग नाही. पगार महिना २४ हजारांच्या वर असेल तर १९३६ च्या वेतन कायद्याखाली अर्ज घेतच नाहीत. मला खिडकीवरूनच परत पाठवलं होतं. शांतपणे दुसरी नोकरी बघा.

खटलेबाज
दुसरी नोकरी कशाला? एनसीएलटीत, म्हणजे कंपन्यांच्या दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात, खेचा! दिवाळखोरीची नोटीस गेली की मोठमोठे सुतासारखे सरळ होतात.

कलमबहाद्दर
@खटलेबाज, मार्च २०२० पासून तिथली किमान थकबाकी १ कोटी आहे. धागाकर्त्याचे १ कोटी थकले असतील तर आपण सगळेच त्याच्याकडे नोकरी मागू.
@काका, तुमचं तेव्हा बरोबर होतं, आता नाही. वेतन संहिता २०१९ ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि १९३६ चा कायदा तिच्यात विरला. वेतनाच्या दाव्याला आता २४ हजारांची मर्यादा नाही, सुपरवायझर-मॅनेजरसुद्धा त्यात येतात. दाव्याची मुदत ३ वर्षे. वर दाव्याच्या १० पटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार प्राधिकाऱ्याला आहे (देतीलच असं नाही, पण आकडा ऐकून समोरच्याला घाम फुटतो).

अनुभवी_काका
कायदे कागदावर छान असतात. खिडकीवर जाऊन बघा एकदा.

त्रस्तआत्मा
अहो भांडू नका. ठेकेदाराकडून आहे. काम दुसऱ्या खासगी कंपनीत, ड्रॉइंग सेक्शनला. नेमणुकीचं पत्र नाही, ई-मेल आहे, त्यात "३८,००० प्रति महिना" लिहिलंय. आणि हो, ऑक्टोबरपर्यंत ३४,२०० यायचे. टॅक्स कापतो म्हणाले होते. नोव्हेंबरपासून २४.

शंकासुर
हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायला काय झालं होतं? ३८ वर ३,८०० म्हणजे बरोबर १० टक्के. हा पगारावरचा टीडीएस (आधीच कापून भरलेला कर) नव्हे, १९४जे दिसतोय, बाहेरच्या व्यावसायिकाच्या फीवर कापतात ते कलम. म्हणजे ठेकेदाराने तुम्हाला कर्मचारी न दाखवता 'कन्सल्टंट' दाखवलंय. पीएफ कापतात का?

त्रस्तआत्मा
नाही. मीच विचारलं नव्हतं, हातात जास्त येतात म्हणून.

खटलेबाज
झालं! तुम्ही कामगारच नाही. आयुक्त विसरा. उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून सरकारकडे नाव) आहे का? असेल तर २००६ च्या एमएसएमई कायद्याखाली थकीत बिलांच्या सरकारी पोर्टलवर टाका. ४५ दिवसांच्या वर पैसे अडकले की बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज.

कलमबहाद्दर
नोंदणी असेल तर. आता घाईने करून मागच्या कामासाठी चालवायला जाल तर त्यावरच वाद घालत बसाल. आणि १९४जे लावलं म्हणून माणूस कन्सल्टंट होत नाही. हजेरी कोण घेतं? रजा कोण मंजूर करतं? संगणक कोणाचा?

त्रस्तआत्मा
अंगठा कंपनीच्या मशीनवर. नऊनंतर दहा मिनिटं झाली की अर्धा दिवस कापतात. रजेचा ई-मेल सेक्शन हेडला. संगणक कंपनीचा, माझी फक्त पाण्याची बाटली.

कलमबहाद्दर
मग तुम्ही कर्मचारी आहात असं ठामपणे मांडता येतं. कोर्ट नावापेक्षा ताबा कोणाचा हे बघतं. पुढचं म्हणजे ठेकेदाराने वेतन दिलं नाही तर ज्या कंपनीत तुम्ही राबता तिच्यावर जबाबदारी येते. हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यातही होतं, नव्या संहितेतही आहे. कंपनी नंतर ठेकेदाराकडून वसूल करेल, तो त्यांचा प्रश्न. त्यामुळे ई-मेल दोघांना पाठवा, एकट्या ठेकेदाराला नको. खासगी कंपनी म्हणजे राज्याचे कामगार आयुक्त. बँक, रेल्वे, बंदर, खाण असती तर केंद्राचे.

मधली_सुट्टी
वकिलांचं चालू द्या, मी अकाउंट्समधली. आयकर पोर्टलवर २६एएस काढा, तुमच्या नावावर कापलेल्या कराचा तो उतारा. ठेकेदाराने तुमच्या नावावर किती रक्कम जमा दाखवली ते त्यात दिसतं. तिमाहीचं रिटर्न भरल्यावर येतं, तेव्हा नोव्हेंबर-डिसेंबर दिसायला हवेत.
आणि बँक स्टेटमेंट उघडा. २४ हजारांच्या ओळीत काय लिहिलंय ते अक्षर न् अक्षर इथे टाका.

आगंतुक
सॅलरी खातं असेल तर सलग पगार न आल्यास बँक ते साध्या बचत खात्यात टाकते, मग किमान शिल्लक ठेवावी लागते. लक्ष ठेवा.

त्रस्तआत्मा
@आगंतुक, ठेवायला शिल्लक असायला हवी ना.
@मधली_सुट्टी, २६एएस काढला. नोव्हेंबर ३८,०००, कपात ३,८००. डिसेंबर तेच. जानेवारी नाही. आणि बँकेच्या ओळीत तिन्ही महिने शेवटी "पार्ट पेमेंट" असं आहे. याचा काय उपयोग?

मधली_सुट्टी
अहो, काय उपयोग म्हणजे! आयकर खात्याला त्याने स्वतः सांगितलंय की या माणसाचे महिन्याला ३८ हजार झाले. आणि बँकेत स्वतःच्या हाताने लिहिलंय की हे अर्धवट पैसे आहेत. आता "एवढेच ठरले होते" म्हणायला त्याला तोंड नाही. तुमचे १४ नव्हे, महिना १०,२०० अडकलेत, तीन महिन्यांचे ३०,६००. हाच आकडा मागा. ४२ हजार मागाल तर तो टीडीएसचा कागद काढून तुम्हालाच खोटं पाडेल.

अनुभवी_काका
हे मात्र मला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं.

कलमबहाद्दर
१९४जेच्या त्याच कागदावर बोट ठेवून तो "कर्मचारीच नाही" म्हणेल, त्याची तयारी ठेवा. हजेरीचे फोटो, रजेचे ई-मेल आजच घरच्या पत्त्यावर घ्या. कंपनीची ड्रॉइंग्ज घेऊ नका, फक्त स्वतःचे कागद. चॅट डिलीट करू नका, फोनही बदलू नका. पुढे दाखवायची वेळ आली तर २०२३ च्या साक्ष अधिनियमाचं ६३(४) चं प्रमाणपत्र लागतं (चॅट, ई-मेलसारख्या इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जोडायचं), पूर्वी ६५ब म्हणायचे ते. राजीनामा या क्षणी नको. दिलात तर हिशेब दोन कामाच्या दिवसांत करायचा असतो, पण ते पुढचं.

खटलेबाज
नोटीस रजिस्टर एडीनेच पाठवा.

शंकासुर
रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात मिसळलं, काढा की जुन्या फायली बाहेर.

खटलेबाज
पोचपावती मिळते ना? झालं तर.

त्रस्तआत्मा
अपडेट. आज ठेकेदाराचा माणूस आला होता. १५ हजार रोख देतो म्हणाला, एका कागदावर सही करा. कागदावर "सर्व येणे पूर्ण व अंतिम मिळाले, यापुढे कोणतीही मागणी नाही". वर तारीख रिकामी. पैसे समोर टेबलावर ठेवले होते, खोटं कशाला बोलू, हात गेला होता.

कलमबहाद्दर
सही केलीत का??

त्रस्तआत्मा
नाही. कागदाचा फोटो काढायला फोन वर केला तर त्याने कागद ओढून घेतला. अर्धा फोटो आलाय, "कोणतीही मागणी नाही" एवढं वाचता येतं. लगेच दोघांना ई-मेल टाकला. ३०,६०० चा आकडा, २६एएस, बँकेच्या तीन ओळी, सात दिवसांची मुदत. तासाभरात कंपनीच्या एचआरचा फोन. आवाज एकदम मऊ. म्हणे आम्हाला हे माहीतच नव्हतं, ठेकेदाराचं बिल तर आम्ही दर महिन्याला चुकतं केलंय.

मधली_सुट्टी
म्हणजे "बिल पास झालं नाही" ही थापच. एचआरला म्हणावं, हे वाक्य मला ई-मेलवर द्या. फोनवरचं मऊ बोलणं दोन दिवसांत विरतं.

त्रस्तआत्मा
मागितलंय. अजून आलं नाही. शुक्रवारी सात दिवस होतात, त्या दिवशी अर्ज घेऊन जातो.

आगंतुक
धागा चालूच आहे तर विचारतो, माझी चार वर्षं आणि दहा महिने झालीत, ग्रॅच्युइटी मिळेल का?

शंकासुर
नवीन धागा काढा. आणि या वेळी आधीच सांगा, ठेकेदाराकडून की थेट?