अनुभव धागा: गावात फिरवायला जुन्या धाटणीची सायकल – कोणती घ्यावी, काय तपासावं?

बाजार, स्टेशन, शाळा, फार तर शेतापर्यंत. दिवसाची चार-पाच किलोमीटरची ये-जा आणि बजेट सात-आठ हजारांच्या आत. दांडी ब्रेकची (केबलऐवजी लोखंडी दांड्यांनी ओढला जाणारा ब्रेक) जुनी काळी सायकल घेऊन ओव्हरऑइलिंग करावं, की शोरूममधली नवी 'रेट्रो' घ्यावी? ज्यांचे हात रोज ग्रीसमध्ये असतात त्यांनी लिहा. 'जुनं ते सोनं' नको. साइज, पार्ट, काय बिघडतं आणि का, ते सांगा.

जुना पान्हा, भुसावळ

फ्रेम आणि चिमटा (पुढचं चाक धरणारा फोर्क) सरळ असेल तर जुनीच घ्या. बाकी सगळं बदलता येतं. हिरो, अ‍ॅटलास, अ‍ॅव्हॉन, हर्क्युलस यांच्या 28 इंची सायकलींचे बहुतेक पार्ट एकमेकींना चालतात. अ‍ॅटलासचा साहिबाबादचा कारखाना 2020 मध्ये बंद झाला, तरी त्या सायकलीचं काही अडत नाही. अपवाद एक: अस्सल इंग्लिश रॅले. तिच्या बीबी कपाला (पेडलच्या धुरीच्या बेअरिंगची वाटी) इंचाला 26 आटे असतात, बाकीच्यांना 24. कप गेला की शोधत फिरावं लागतं. मिरवायला घ्या, रोजच्या वापराला नको.

तपासणी अशी करा. हेडच्या (हँडलखालच्या उभ्या नळीच्या) खालच्या लगपाशी, म्हणजे जोडापाशी, तिरप्या नळीच्या पोटाला बोट फिरवा. रंगाला आडवी सुरकुती लागली तर सायकल समोरून धडकलेली आहे, सोडून द्या. मग सुतळी घ्या. मागच्या एक्सलच्या एका टोकापासून हेडला वळसा घालून दुसऱ्या टोकापर्यंत ताणा. सीटच्या नळीपासून सुतळीचं अंतर दोन्ही बाजूंना सारखं हवं. दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक म्हणजे फ्रेम वाकडी. शेवटी सीटपोस्ट काढून सायकल उलटी करा. नळीतून गंजाच्या खपल्या पडल्या तर पावसाचं पाणी बीबीपर्यंत उतरलेलं आहे. सीटपोस्ट निघतच नसेल, तर भाव पाडून मागा.

शिरपूरवाला

भाऊ, रंग देखीसन भुलू नका. पह्यले चिमटा देखा, मंग पैसा काढा.

दांडी ब्रेक, चाळीसगाव

दांडी ब्रेकबद्दल बहुतेकांचा गैरसमज आहे. यात रबर रिमच्या बाजूला लागत नाही, आतल्या अंगाला, हबकडून लागतं. म्हणून चाकाची आऊट काढताना (चाक सरळ करताना) डावं-उजवं थोडं राहिलं तर चालतं, वर-खाली उडी मात्र राहता कामा नये. चाक फिरवून रबर आणि रिममधली फट बघा. सगळीकडे दोन-तीन मिलिमीटर हवी. एका जागी घासतं आणि दुसऱ्या जागी मोकळं राहतं, असं असेल तर ब्रेक आवळून उपयोग नाही, चाकाच्या तारा (स्पोक) आवळायला हव्यात. बहुतेक जुन्या चाकांत पुढे 32 आणि मागे 40 तारा असतात. दोन-चार तुटलेल्या असतील तर घाबरू नका, पण निप्पल (रिमपाशी तारा आवळायचे छोटे नट) गंजून फिरत नसतील तर चाक नव्याने विणण्याचा खर्च धरा.

या रिमला साधा कॅलिपर ब्रेक (रिम दोन्ही बाजूंनी धरणारा) बसत नाही, कारण तिच्या बाजू सपाट नसतात, गोलसर असतात. 'नंतर ब्रेक बदलून घेऊ' म्हणून कोणी विकत असेल तर ऐकू नका.

कॉटर पिनचंही सांगतो, म्हणजे क्रँक (पेडलचा दांडा) धुरीवर पक्का धरणाऱ्या पाचरीचं. पेडलच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा 'कट्' वाजलं, की पिन ढिली. नट आवळून ती बसत नाही. नट फक्त धरून ठेवतो. क्रँकखाली जाड लोखंडी नळी टेकवायची आणि मग हातोडी मारायची. आधार न देता मारली तर सगळा मार छर्‍यांवर आणि कपावर जातो. दोन्ही पिना एकमेकींच्या उलट दिशेने बसतात. एकाच दिशेने बसवल्या तर क्रँक एका रेषेत राहत नाहीत. थोडी चालवली की पुन्हा एकदा ठोकून आवळा.

धुळ्याची ताई

दादा, पावसाळ्याचं कोणी बोलतच नाही. स्टीलच्या ओल्या रिमवर दांडी ब्रेक जवळजवळ लागतच नाही. थांबायचंय त्याच्या बरंच आधी हलका ब्रेक धरून रिम पुसून घ्यावी लागते. रोज शाळेत मुलाला मागे बसवून न्यायचं असेल, तर मी नवीच सुचवेन: पुढे दांडा नसलेली फ्रेम, अ‍ॅल्युमिनिअमची रिम, व्ही-ब्रेक, पूर्ण चेनकव्हर आणि मागच्या चाकाला साडीगार्ड. 'रेट्रो' रंगाची म्हणून नाही, थांबते म्हणून.

उंचीचंही बघा. 24 इंची फ्रेम पाच फूट आठ इंचांच्या वर ठीक, त्याखाली 22. फ्रेमचं माप बीबीच्या मध्यापासून सीटच्या नळीच्या वरच्या टोकापर्यंत घेतात. 28 हे चाकाचं माप, फ्रेमचं नव्हे. दांडा दोन पायांमध्ये घेऊन जमिनीवर उभं राहिलं, की वर एक-दोन इंच मोकळे राहायला हवेत.

नवी घेताना टायरच्या कडेवरचा दोन भागांचा आकडा वाचा. 37-590 आणि 50-559, दोन्हींना दुकानदार '26' म्हणतो, पण एकाचं टायर दुसऱ्याला बसत नाही. जुन्या काळ्या सायकलीचा आकडा 40-635. नवीच्या चाकाचं टायर तालुक्याच्या गावात मिळतं का, हे पैसे देण्याआधी विचारून या. तपकिरी सीटला भुलू नका, बहुतेक वेळा ते रेक्झिन असतं आणि दोन उन्हाळ्यांत तडकतं.

काटेवाडी, अमळनेर

आपल्याकडे खर्च फ्रेमवर नाही, पंक्चरवर होतो. वेडी बाभूळ आणि सराटे. पंक्चर काढून ट्यूब परत घालण्याआधी टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवा. काट्याचं टोक बोटाला लागत नाही, पण कापसाचा धागा त्यावर अडकतो आणि काटा नेमका सापडतो. बाहेरून ढकलू नका, आतून चिमट्याने ओढा. टायर आणि ट्यूबमध्ये जुन्या ट्यूबची पट्टी घालणार असाल तर तिच्या कडा काचपेपरने पातळ करा, नाहीतर तीच कड ट्यूब कापते.

मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो, म्हणून लोक हवा कमी ठेवतात. उलटं होतं. 50 पाउंड हवा असलेलं टायर 30 अंशांवरून 60 पर्यंत तापलं, तरी हवा सहा-सात पाउंडच वाढते. तेवढ्याने चांगलं टायर फुटत नाही. कमी हवेत मात्र ट्यूब खड्ड्यात रिमवर चेपते आणि बाजूबाजूला दोन भोकं पडतात. हवा टायरवर छापलेल्या आकड्याएवढी ठेवा आणि सायकल सावलीत लावा.

काळ्या मातीत जुनीचा फायदा आहे. मडगार्ड आणि टायरमध्ये जागा भरपूर असते. नव्या 'रेट्रो'त ती बोटभरही नसते, चिखल भरला की चाक जाम.

साक्रीचा वारा

ब्राह्मणवेलला पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. समोरून वारा लागला की 48 दात्यांचं चेनव्हील आणि मागे 18 चं फ्रीव्हील जड जातं. गिअर बसवायच्या भानगडीत पडू नका. फ्रीव्हील 22 दात्यांचं टाका, पेडल जवळपास पाचव्या हिश्शाने हलकं होतं. चेन एक इंच वाढवा, किंवा जागा असेल तर चाक अर्धा इंच पुढे सरकवा. चेन जुनी असेल तर आधी मोजा: पिनच्या मध्यापासून मध्यापर्यंत 24 कड्या 12 इंच भरल्या पाहिजेत. सव्वाबारा भरल्या तर चेन आणि फ्रीव्हील दोन्ही बदला. नव्या फ्रीव्हीलवर ओढलेली चेन चढवली तर ते दातेही लवकर खाते.

धागाकर्ता

आप्पा, भाऊ, ताई, सगळ्यांचं टिपून घेतलं. डायनॅमोवर कोणी लिहिलं नाही: 6 व्होल्ट, 3 वॅटचा जुना बाटली डायनॅमो ठेवावा की काढून चार्जिंगचा दिवा लावावा?

जुना पान्हा, भुसावळ

काढा. टायरची कड खातो, आणि थांबलात की अंधार.