शब्दचर्चा : घडी उघडली, मोडली की विस्कटली?

अर्धविराम

विम एडिटर (कोड आणि मजकूर लिहायचा प्रोग्राम) नव्याने शिकणाऱ्या मुलांसाठी मराठीत मदत-पुस्तिका लिहिते आहे. बाकी बरंच उरकलं, गाडी 'कोड फोल्डिंग'वर, म्हणजे फाइलचा एखादा भाग मिटून एका ओळीत ठेवण्यावर, अडली. 'फोल्ड'ला मी 'घडी' केलं आहे आणि ते बहुतेकांना पटलंही. अडचण क्रियापदांची आहे. 'प्लगइन (एडिटरला वरून जोडायचा छोटा प्रोग्राम) आडवा येतो तेव्हा' असं एक प्रकरण आहे, त्यासाठी मुलांकडून तक्रारी मागवल्या. एकाने लिहिलं, "मार्कडाउनचा प्लगइन टाकल्यापासून माझ्या घड्या मोडतात." (मार्कडाउन म्हणजे साध्या मजकुरात खुणांनी मथळे वगैरे लिहायची पद्धत.) दुसरीचं म्हणणं, "घड्या विस्कटतात." आणखी एकजण म्हणतो, "घड्या आपोआप मिटतात." हे सगळं एकच आहे की वेगवेगळं? आणि पुस्तिकेत कुठलं क्रियापद ठेवू?

उंबरठा

'घडी' चांगला शब्द आहे, सोडू नका. 'दुमड' म्हटलं की पानाचा कोपरा डोळ्यांसमोर येतो, 'चुणी' म्हटलं की परकर, आणि 'गुंडाळणे' तर मराठीत एखादा विषय कायमचा बासनात ठेवण्यासाठी वापरतात. मध्ये एका यांत्रिक अनुवादात 'कोड कोसळवा' असं बटण पाहिलं होतं. ते दाबायचा धीर झाला नाही. 'घडी'चा दुसरा अर्थ, म्हणजे क्षण किंवा घटका, आड येईल अशी शंका कुणी काढेल. पण 'घडीभर थांब' आणि 'घडी उघड' यांत आजवर कुणाचा गोंधळ झालेला नाही. अनेकवचन 'घड्या', सामान्यरूप 'घडी-', 'घड्यां-'. तिथे काही अवघड नाही.

एक सावधगिरी मात्र घ्या. 'मिटा' लिहा, 'मिटवा' लिहू नका. डोळे मिटतो, छत्री मिटतो, पुस्तक मिटतो. 'मिटवणे' म्हणजे भांडण निकाली काढणे, आणि हिंदीच्या सावलीत वाढलेल्या मुलांसाठी तर सरळ पुसून टाकणे. 'घडी मिटवा' वाचून कुणी आतला मजकूरच उडवून बसेल.

चिंचोका

शब्द नंतर ठरवू. ती तीन मुलं तीन निराळ्या गोष्टी सांगत असण्याची शक्यता जास्त आहे, आणि म्हणूनच क्रियापद सापडत नाहीये.

विममध्ये घडीबद्दल तीन स्वतंत्र प्रश्न असतात. घडी आहे का? असली तर ती मिटलेली आहे की उघडी? आणि घड्यांची सोयच मुळात चालू आहे की बंद? झेड-ओ दाबलं की घडी उघडते, पण ती नाहीशी होत नाही. झेड-सी दाबलं की पुन्हा मिटते. कॅपिटल आर घेऊन झेड-आर दाबलं की फाइलमधल्या सगळ्या उघडतात, कॅपिटल एम घेऊन झेड-एम दाबलं की सगळ्या मिटतात. झेड-आय सोयच बंद-चालू करतं. आणि झेड-डी घडीच काढून टाकतं, मजकूर तसाच राहतो. स्क्रीनकडे नुसतं पाहणाऱ्याला 'उघडी घडी', 'काढलेली घडी' आणि 'सोय बंद' हे तिन्ही अगदी सारखे दिसतात. सगळा मजकूर सरळ मांडलेला.

ओळखायचं कसं, तर त्या ओळीवर जाऊन झेड-सी दाबायचं. मिटली तर ती होतीच, फक्त उघडी होती किंवा सोय बंद होती. 'ई४९०' ही चूक आली तर तिथे घडीच नाही. 'घड्या मोडतात' म्हणणाऱ्या मुलाला आधी हे करायला सांगा.

अर्धविराम

विचारलं. झेड-सीने मिटतं, पण त्याने घातलेली घडी नाही, भलतीच मिटते. त्याने नोंदींमध्ये तीन महिरपी कंसांच्या खुणा करून घड्या घातल्या होत्या. आता प्रत्येक मथळ्यापासून पुढच्या मथळ्यापर्यंत घडी पडते आणि फाइल उघडली की सगळं मिटलेलंच येतं. झेड-डी दाबलं तर 'ई३५१' येते.

चिंचोका

मग निदान झालंच. विममध्ये घडी कशी ठरवायची याच्या सहा पद्धती आहेत : हाताने, इंडेंटवरून (ओळीच्या सुरुवातीला सोडलेल्या जागेवरून), खुणांवरून, सिंटॅक्सवरून (त्या भाषेच्या रचनेवरून), दोन फाइलींच्या फरकावरून आणि सूत्रावरून. 'फोल्डमेथड' या पर्यायात एका वेळी यांतली एकच बसते. मुलाची पद्धत खुणांची होती. प्लगइनने तिथे सूत्राची बसवली. सूत्र मथळे मोजतं, त्याला महिरपी कंसांशी देणंघेणं नाही. 'ई३५१' त्याचीच साक्ष आहे. हाताने किंवा खुणेने घातलेली घडीच झेड-डीने काढता येते, सूत्राने आलेली नाही.

हे कुणी केलं ते विम स्वतः सांगतो. कोलन देऊन 'व्हर्बोज सेट फोल्डमेथड' आणि शेवटी प्रश्नचिन्ह, एवढं टाइप करायचं. आत्ताची पद्धत दिसते आणि खाली ती शेवटची कुठल्या फाइलमध्ये बसवली गेली त्याचा पत्ता येतो. पत्ता प्लगइनच्या फोल्डरचा असेल तर बोलणंच खुंटलं. मदत मागायला येणाऱ्या प्रत्येकाने ही एक ओळ आधी चालवली तर निम्म्या चर्चा सुरूच होणार नाहीत.

खडूफळा

'मोडणे' या शब्दावर बोलायला आलो आहे. माझ्या आईच्या भाषेत 'घडी मोडणे' म्हणजे नवीन साडी पहिल्यांदा नेसणे. 'अगं, तूच घडी मोड' असं म्हणून कोरी साडी बहिणीला नेसायला देतात. यात नासधूस नाही, उलट मान आहे. तेव्हा 'घडी मोडा' अशी सूचना वाचून माझ्यासारखा माणूस घडी उघडेल. दुसरा कुणी ती काढून टाकेल. चिंचोका म्हणतात तो घोळ शब्दातच भरलेला आहे.

कारणही दिसतं. कापडाची घडी उलगडली की घडी संपली, मागे राहिली तर नुसती रेघ. उघडी पण शाबूत घडी अशी वस्तू कपाटात नसते, त्यामुळे तिच्यासाठी भाषेत क्रियापदही नाही. झेड-ओ म्हणजे रेघ राखून साडी पसरणे आणि झेड-डी म्हणजे वरून इस्त्री फिरवणे, असं म्हणा हवं तर.

'विस्कटणे' मला आवडतं. संसाराची घडी विस्कटते तशी फाइलची विस्कटली. पण ते तक्रारीत शोभतं, सूचनेत नाही.

पाणपोई

मी व्हीएस कोडवाली, म्हणजे दुसऱ्या एका एडिटरची. आमच्याकडेही हा भेद आहे, फक्त लवकर लक्षात येत नाही. कंट्रोल-शिफ्टबरोबर डावा चौकटी कंस दाबला की घडी मिटते, उजव्याने उघडते. पण निवडलेल्या ओळींची आपली घडी घालायची आणि नंतर ती काढून टाकायची आज्ञा वेगळी आहे. म्हणजे तिथेही 'घालणे-काढून टाकणे' ही एक जोडी आणि 'मिटणे-उघडणे' ही दुसरी.

प्लगइनचा त्रास तिथेही होतो. घड्या कुठे पडाव्यात हे त्या भाषेचं एक्स्टेन्शन (आमच्याकडचा प्लगइन) सांगू शकतं, आणि त्याने चुकीचं सांगितलं की घडी भलत्या ओळीवर संपते. 'फोल्डिंग स्ट्रॅटेजी' हा पर्याय 'ऑटो'वरून 'इंडेंटेशन'वर नेला की एक्स्टेन्शनचं म्हणणं बाजूला पडतं आणि एडिटर नुसत्या इंडेंटवरून घड्या घालतो. तेवढ्याने नीट झालं तर दोष एक्स्टेन्शनचा. नेमकं कुठलं ते कळत नसेल तर 'एक्स्टेन्शन बायसेक्ट' चालवा. ते दर वेळी निम्मी बंद करून विचारतं, अजून त्रास आहे का? पंचवीस-तीस एक्स्टेन्शनांतून दोषी पाच-सहा फेऱ्यांत हाती लागतं.

उंबरठा

जाता जाता : ईमॅक्स या तिसऱ्या एडिटरच्या मंडळींचा यात घडीशी संबंध कमी. तिथल्या जुन्या सोयीचं नावच 'हाइड-शो', म्हणजे लपवणे आणि दाखवणे. मराठीत ते फार स्वच्छ उतरतं, आणि लपवलेलं नाहीसं झालं असं कुणालाही वाटत नाही. विमसाठी लिहिताय म्हणून 'घडी', नाहीतर मी 'लपवा-दाखवा'च्या बाजूने मत दिलं असतं.

आता 'ढवळाढवळ'. कुणी सुचवण्याआधीच विरोध नोंदवतो. ढवळाढवळ करणाऱ्याचा हेतू असतो. लुडबुडीत निदान उत्साह असतो. 'हस्तक्षेप' सरकारी. 'खोडा घालतो' म्हटलं तर प्लगइनने मुद्दाम कट केला असं वाटतं.

चिंचोका

सहमत, आणि तांत्रिक कारणानेही. त्या बिचाऱ्याने नुसता एक पर्याय बसवला आणि तो नंतर बसवला. तुमची सेटिंगची फाइल आधी वाचली जाते. मार्कडाउन फाइल उघडली की त्या प्रकारासाठीची प्लगइनची फाइल नंतर वाचली जाते. नंतर बोलेल त्याचं चालतं. म्हणून मी 'वर आपली सेटिंग बसवतो' असं लिहीन. लांब आहे, पण वाचणाऱ्याला उपायही त्यातच दिसतो : आपण त्याच्याही नंतर बोलायचं. सेटिंगच्या फोल्डरमध्ये 'आफ्टर', त्यात 'एफटीप्लगइन', त्यात मार्कडाउनच्या नावाची फाइल करून तिथे 'सेटलोकल'ने खुणांची पद्धत लिहायची. 'आफ्टर'मधलं सगळ्यांच्या शेवटी वाचलं जातं. अर्थात प्लगइनने घड्या बंद करायची स्वतःची कळ दिली असेल तर आधी ती वापरा, त्याची माहिती प्लगइनच्या स्वतःच्या पुस्तिकेत असते आणि ती कुणी वाचत नाही.

'सेटलोकल'वर जोर द्या. तिथे नुसतं 'सेट' लिहिलं तर पद्धत पुढच्या फाइलीच्याही गळ्यात पडते. फोल्डमेथड खिडकीपुरता पर्याय आहे, आणि 'सेट' त्याची सर्वसाधारण किंमतही बदलतं. "मार्कडाउन बंद केलं, सी भाषेतली फाइल उघडली, तरी तसंच" अशी तक्रार आली तर कुणीतरी 'सेट' लिहिलंय हे धरून चाला. प्लगइन लिहिणारेही यात मागे नसतात.

अर्धविराम

'घड्या आपोआप मिटतात' म्हणणाऱ्या मुलाचा प्लगइनशी संबंधच नाही असं दिसतंय. त्याच्याकडे पायथनच्या फाइलीसुद्धा पूर्ण मिटलेल्या उघडतात. व्हर्बोजने पत्ता त्याच्या स्वतःच्या सेटिंग-फाइलचाच दिला, पद्धत इंडेंटची.

चिंचोका

बरोबर. 'फोल्डलेव्हल' (किती पातळ्यांपर्यंतच्या घड्या उघड्या ठेवायच्या तो आकडा) शून्य असली की सगळ्या घड्या मिटलेल्या दिसतात, आणि ती मुळात शून्यच असते. 'फोल्डलेव्हलस्टार्ट'ला, म्हणजे फाइल उघडतानाच्या त्या आकड्याला, ९९ द्यायला सांगा. घड्या राहतील, फाइल उघडी येईल. याला बिघाड म्हणू नका, 'मिटलेल्या येतात' हेच खरं वर्णन आहे.

'विस्कटतात' म्हणणारी उरली. तिच्याकडे सिंटॅक्सची पद्धत आहे का ते पाहा. त्यात उघडा कंस टाइप केला की बंद कंस येईपर्यंत विमच्या लेखी पुढचा सगळा मजकूर त्याच कंसात, त्यामुळे खालच्या घड्या भराभरा उघडतात आणि कंस पुरा केला तरी आधीसारख्या मिटत नाहीत. लिहायला सुरुवात करताच पद्धत तात्पुरती 'हाताने' करणं आणि लिहिणं थांबताच परत आणणं, हा त्यावरचा जुना उपाय. त्याच कामाचे तयार प्लगइनही आहेत. म्हणजे एक प्लगइन घड्या विस्कटतो म्हणून ओरड आणि दुसरा त्याच सांभाळायला बसलेला.

अर्धविराम

सिंटॅक्सच आहे, सीच्या फाइली. तिचं 'विस्कटतात' मग अगदी नेमकं होतं.

पुस्तिकेत हे लिहिते आहे : "घडी घाला, घडी काढून टाका. घडी मिटा, घडी उघडा. घड्या चालू करा, घड्या बंद करा." 'मोडणे' कुठेही नाही. प्लगइनचं प्रकरण : "प्लगइन तुमच्या सेटिंगवर आपली सेटिंग बसवतो तेव्हा."

खडूफळा

'घड्या बंद करा' वाचून मी झेड-कॅपिटल-एम दाबेन. बंद म्हणजे मिटलेली, दार बंद असतं तशी.

उंबरठा

हे खरं आहे. 'घड्यांची सोय बंद करा' असं लिहा.

अर्धविराम

केलं. आणि 'काढून टाका'च्या पुढे 'मजकूर जात नाही' एवढं जोडलं.