अधिवेशनात प्रश्न ‘लावतो’ म्हणजे नक्की काय करतात? पदवीधर आमदाराकडे गेलं तर चालेल का?

द्राक्षबाग_४२२: आमच्या गावावरून हायवेला जोडणारा रस्ता दोन पावसाळे झाले उखडलेलाय, बांधकाम खात्याचा आहे, द्राक्षाच्या सीझनला क्रेट भरलेली गाडी नेताना जीव मुठीत. आमदारांच्या ऑफिसला गेलो तर पीए म्हणे अधिवेशनात प्रश्न लावतो, काळजी करू नका. आता हे लावणं म्हणजे काय, आणि अधिवेशन कधी असतं, की नुसतं वाटेला लावलं मला? मित्र म्हणतो पदवीधरच्या आमदाराकडे जा, मी ग्रॅज्युएट आहे म्हणून.

गंगापूररोडवाला: भाऊ, वर्षाला तीन अधिवेशनं. फेब्रुवारी-मार्चच्या आसपास बजेटचं आणि जून-जुलैकडे पावसाळी, ही दोन्ही मुंबईत, आणि डिसेंबरात हिवाळी नागपूरला. (१९५३ च्या नागपूर करारामुळे. कोरोनात २०२० आणि २०२१ ला मात्र मुंबईतच उरकलं.) घटनेप्रमाणे दोन अधिवेशनांत सहा महिन्यांपेक्षा जास्त गॅप चालत नाही, त्यामुळे फार वाट बघायला लागणार नाही. पण प्रश्नाची नोटीस अधिवेशनाच्या बरीच आधी द्यावी लागते, म्हणून पीए ऐन अधिवेशनात ‘टाकतो टाकतो’ करत असेल तर समजून जा.

चहा_कमी_साखर: तारांकित का अतारांकित ते विचारा आधी. तारांकितला मंत्री सभागृहात उभं राहून उत्तर देतो आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात, अतारांकितला नुसतं लेखी उत्तर. पण प्रश्नोत्तराचा तास एकच आणि सभागृहात आमदार २८८, त्यात गोंधळ झाला की तास गेला, यादीत खाली असलेल्याचा नंबर लागतच नाही, छापील उत्तर पटलावर ठेवून मोकळे. उत्तरं वाचलीत का कधी? प्रश्न असतो “...हे खरे आहे काय. असल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?” आणि खाली उत्तर “हे अंशतः खरे आहे” आणि “प्रश्न उद्भवत नाही”. रस्त्यावर गुडघाभर खड्डा आणि कागदावर प्रश्नच उद्भवत नाही 😄 तरी फायदा आहे, उत्तर द्यायला मंत्रालयातून खाली खात्याकडे माहिती मागवतात, मग इंजिनियरसाहेबांना तो रस्ता एकदाचा आठवतो.

देवळालीची_ताई: एक कोणी बोललंच नाही. तुमचे आमदार मंत्री असतील तर ते प्रश्न विचारूच शकत नाहीत, ते उत्तर देणाऱ्या बाजूला बसतात! मग शेजारच्या मतदारसंघाचा आमदार धरा, नाशिक जिल्ह्यात १५ आहेत, कोणीही विचारू शकतो, स्वतःच्याच मतदारसंघाचं विचारावं असं काही नाही.
मित्र म्हणतो ते पण चुकीचं नाही. विधान परिषदेचे ७८ सदस्य, त्यात पदवीधरांनी निवडून दिलेले ७ नि शिक्षकांनी निवडून दिलेले ७, आणि परिषदेतही प्रश्न, लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणारी सूचना) सगळं असतं. नाशिक पदवीधर म्हणजे पाच जिल्हे हो, नाशिक, नगर, जळगाव, धुळे, नंदुरबार, त्यामुळे तिथे तुमच्या रस्त्याला किती भाव मिळेल ते बघा. आणि तुम्ही पदवीधरांच्या मतदारयादीत आहात का? नुसती डिग्री असून चालत नाही, ती यादी दर निवडणुकीला नव्याने करतात, मागच्या वेळी, म्हणजे जानेवारी २०२३ च्या इलेक्शनला, नाव होतं म्हणून पुढे आपोआप राहत नाही, परत नमुना १८ भरायचा. माझ्या ओळखीतले निम्मे लोक इथेच गळतात आणि मग व्हॉट्सॲपवर व्यवस्थेला शिव्या घालतात.

गंगापूररोडवाला: +१. आणि लक्षवेधी लागली तर तारांकितपेक्षा बरी, मंत्र्याचं निवेदन होतं. पण त्यासाठी विषय ताजा नि तातडीचा पाहिजे, एका गावाचा रस्ता तसा अवघड. ॲक्सिडेंट झाले असतील तर पोलिस स्टेशनच्या नोंदी, फोटो, ग्रामपंचायतीचा ठराव असं सगळं जोडून द्या, पीएला आयतं मटेरियल मिळालं की तो पण हात चालवतो.

द्राक्षबाग_४२२: ठराव झालेला आहे, कॉपी उद्या ग्रामसेवकाकडून घेतो. प्रश्न टाकला की नोटीसची पोच मागता येते ना पीएकडे?

चहा_कमी_साखर: मागाच. कॉपी नाही दिली तर नुसता नंबर आणि तारीख लिहून घ्या, प्रश्नांच्या याद्या विधानमंडळाच्या साइटवर टाकतात, तिथे तुमच्या गावाचं नाव दिसलं तर खरंच लावला.

देवळालीची_ताई: आणि यादीत गावाचं नाव नीट छापलंय का बघा, नाहीतर उत्तर दुसऱ्याच रस्त्याचं यायचं.