प्रतिसाद: पैसा कमी, म्हणून भीती जास्त?

"पैसे नसले की राक्षस दाखवता येत नाही, म्हणून भीती वाढते" हे स्वस्त भयपटांबद्दलचं वरचं म्हणणं अर्धंच पटलं. न दाखवणं सोपं आहे हो. जागा उभी करणं अवघड.

१९९७चा कॅनडियन चित्रपट 'क्यूब' घ्या. पडद्यावर खोल्यांचा चक्रव्यूह, पण टोरांटोत पूर्ण बांधलेली खोली एकच, १४ फूट बाजूची. भिंतींतले रंगीत पारदर्शक पॅनेल बदलले की नवी खोली! माणसाचं वजन पेलणारं दारही एकच, त्यामुळे प्रत्येक 'दुसऱ्या' दारासाठी शॉट त्याच दाराभोवती रचावा लागे.

खरी डोकेदुखी रंग बदलण्याची. त्यात इतका वेळ जातो की एका रंगाचे सगळे प्रसंग सलग उरकावे लागतात, कथेचा क्रम गेला खड्ड्यात. मग पात्राची जखम सकाळी ताजी, दुपारी गायब. अशा चित्रीकरणात प्रत्येक प्रसंगाआधी घाम, रक्त, कपड्यांवरचा मळ यांचे फोटो काढून ठेवणं कॅमेऱ्याइतकंच गरजेचं. अभिनेत्यांनाही भीतीची पातळी मागेपुढे करावी लागते. स्वस्त चित्रपटांचं बहुधा इथेच हसं होतं, रबरी मुखवट्यांमुळे नव्हे.