आर्वीतल्या घरात आमच्याआधी कोण राहायचं? कसं शोधू?

रानमेवा: आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, कारंजा (घाडगे) तालुक्यात. आजोबांनी पोरांच्या शाळेसाठी 1962 साली आर्वीत जुनं माडीचं घर घेतलं. यंदा माळा साफ करताना पितळी गुंड (पाण्याचं भांडं) सापडला. त्यावर नाव कोरलंय, पण ते घर विकणाऱ्याचं नाही. ज्यांचा आहे त्यांच्या घरी तो पोचवायचा आहे. सुरुवात कुठून करू?

जुनेकागद: आधी आजोबांचं खरेदीखत नीट वाचा. विकणाऱ्याला घर कसं मिळालं ते त्यात बहुतेक लिहिलेलं असतं. त्यावरून मागचा दस्त दुय्यम निबंधकाकडे शोधता येतो. चतुःसीमा, म्हणजे घराच्या चारही बाजूंना काय आहे ते, सोडू नका, तिथे शेजाऱ्यांची नावं मिळतात आणि त्यांची नातवंडं अजून त्याच गल्लीत असू शकतात. घर नझूल (शहरातल्या सरकारी जमिनीच्या) हद्दीत असेल तर भूमी अभिलेख कार्यालयातून आखीव पत्रिकेची, म्हणजे मिळकतीच्या नोंदीची, नक्कल काढा.

पण या कागदांत मालक सापडेल, भाडेकरू सापडेलच असं नाही. त्यासाठी नगरपालिकेची घरटॅक्सची जुनी आकारणी यादी मागा, मालक आणि भोगवटादार (प्रत्यक्ष राहणारा) असे वेगळे रकाने असतात. मी स्वतः तिथेच अडकलेली गाठ सोडवली होती. मोडीतला कागद निघाला तर वाचणारा गाठा, अंदाजाने नाव लावू नका. 1956 पर्यंत वर्धा जिल्हा मध्यप्रदेशात होता, म्हणून शिक्क्यावर ते नाव दिसलं तर कागद चुकीचा समजू नका.

रानमेवा: शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उपयोग होईल का?

जुनेकागद: नाव ठाऊक असल्यावर होईल. पालकाचं नाव आणि जन्मगाव कळतं. मुख्याध्यापकांना अर्ज देऊन विचारा.

मायबाई: पोरा, कागदं पाय, पन आधी गुंड चिंचेनं घासून पाय. आंदनाच्या भांड्यावर देनाऱ्याचं नाव टाकत. त्या नावाचा मानूस तुह्या घरात राह्यलाच असन असं नाही. मामा असन, नाहीतर पोरीचा बाप असन. खाली गावाचं नाव हाय का, ते पाय.

रानमेवा: आजी, घासला. नावाखाली बारीक अक्षरात "यांजकडून" आहे आणि पुढे पुलगावजवळच्या एका गावाचं नाव! म्हणजे ज्या बाईचा हा गुंड, तिचं ते माहेर असावं. टॅक्सच्या यादीसाठी अर्ज देतोच, पण रविवारी आईला घेऊन आधी त्या गावी जातो. तिथल्या म्हाताऱ्या बायांशी आईच बरं बोलेल.

मायबाई: गुंड रिकामा नेऊ नको. तांदूळ घाल त्यात.