मदत हवी आहे: मराठी विकिपीडियावरचे मुलांचे लेख उडतायत (तातडीचे)

तासिकावाली
नमस्कार. आमच्याकडे मराठी भाषा संवर्धन पंधरवडा चालू आहे, २८ तारखेला अहवाल द्यायचाय. एस.वाय.च्या मुलांकडून विकिपीडियावर लेख लिहून घ्यायचं ठरलं आणि समन्वयक म्हणून माझं नाव पडलं. सोमवारी लॅबमध्ये बसून लिहिले, मंगळवारी बघते तर निम्मे गायब. उरलेल्यांतल्या काहींवर काढून टाकण्याची सूचना. आज तर आमच्या विकिपीडियाच्या खात्यातून काहीच जतन होत नाहीये. विकिपीडियाचं पुण्यात किंवा मुंबईत ऑफिस असेल तर फोन नंबर द्या. कृपया उपदेश नकोत, वेळ नाहीये.

धूळपाटीकर
फोन करून काही होत नाही, पानं प्रचालक, म्हणजे जादा अधिकार दिलेले स्वयंसेवक, काढतात. लेख कशावर होते? आणि जतन करताना नेमकं काय लिहून येतं?

तासिकावाली
लेख मराठीतच होते. शुद्धलेखन मी स्वतः तपासलंय.

वांगीभात
बाई, ते विषय विचारतायत.

जुना_कोशवाला
मुळात मुलांना विकिपीडिया दाखवताच कशाला? कुणीही उठतं आणि लिहितं. केतकरांनी ज्ञानकोशाचे २३ खंड काढले ते काय लॅबमध्ये बसून? मुलांना ते खंड वाचायला लावा.

धूळपाटीकर
केतकर जाऊन ८० वर्षं उलटली. खंड वाचावेत हे खरंच, पण त्यात एखाद्या गावाची आजची माहिती कुठून मिळणार? असो. तासिकावाली, गायब झालेल्या लेखाचं नाव शोधून ते पान उघडा. कुणी, कधी आणि का काढलं याची नोंद तिथेच दिसते. ती इथे चिकटवा.

तासिकावाली
बघितलं. एकावर 'जाहिरात', दोनांवर 'प्रताधिकार भंग'. पण आम्ही कुठूनही चोरलेलं नाही. मजकूर आमच्याच संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेतला आहे.

वांगीभात
आता कळलं. लेख कुणावर होते ते सांगून टाका एकदाचं.

तासिकावाली
संस्थापक, विद्यमान अध्यक्ष, प्राचार्य, महाविद्यालय, आणि ग्रंथालयावर एक. बाकी मुलांनी आपापल्या गावांवर लिहिलं. विषय वरून आले होते, मी तासिका तत्त्वावर आहे, नाही कुणाला म्हणणार?

धूळपाटीकर
तुमची अडचण समजते. पण स्मरणिका संस्थेची असली तरी तिच्यातला मजकूर मुक्त परवान्याखाली, म्हणजे कुणीही वापरावा अशा लेखी मोकळिकीनं, दिलेला नाही, म्हणून विकिपीडियावर तो जसाच्या तसा चालत नाही. आणि परवाना मिळाला तरी 'शिक्षणमहर्षी', 'ज्ञानगंगा दारोदारी पोहोचवणारे' ही भाषा सत्काराच्या मानपत्राची झाली. संस्थापकांवर बाहेरच्या कुणी, म्हणजे वर्तमानपत्रांनी किंवा एखाद्या पुस्तकानं, सविस्तर लिहिलं असेल तर लेख उभा राहतो. विद्यमान अध्यक्षांचा नाद सोडा.

पुणेरी_पेठ
हे नवीन नाही. २०११ साली पुण्यातल्या काही महाविद्यालयांत इंग्रजी विकिपीडियासाठी असाच प्रायोगिक कार्यक्रम झाला होता. मुलांनी इंटरनेटवरून उचलून इतकं चिकटवलं की निस्तरताना तिथल्या स्वयंसेवकांच्या नाकी नऊ आले, आणि त्याच वर्षी तो बंद झाला. कारण तेव्हाही हेच, गुणांसाठी लेख.

टेक_मावळा
एवढा व्याप कशाला? भाषांतराचं साधन आहे ना, इंग्रजी लेख उघडायचा, मशीन मराठी करून देतं. तासाला चार लेख होतात.

वांगीभात
होतात की. मीच एक दुरुस्त केलाय, त्यात गाव 'नदीच्या बँकेवर' वसलं होतं. बँकेचा काठ करता करता अख्खी संध्याकाळ गेली. मुलांना हे साधन दिलंत तर प्रत्येक वाक्य हातानं पुन्हा लिहायला लावा आणि बदलांच्या सारांशात मूळ लेखाचा दुवा द्यायला सांगा.

टेक_मावळा
तुमच्यासारख्या सोवळ्यामुळेच मराठीत लेख कमी आहेत.

धूळपाटीकर
भांडण चावडीवर, म्हणजे विकिपीडियाच्या चर्चेच्या पानावर, घेऊन जा, इथे नको. तासिकावाली, खात्याचं राहिलं. मुलं किती, खाती किती?

तासिकावाली
मुलं ३४, खातं एक, महाविद्यालयाच्या नावाचं. पासवर्ड फळ्यावर लिहिला होता. आधी सगळ्यांना वेगळी खाती काढायलाच सांगितलेलं, पण सहा झाली आणि सातव्या खात्याला नकार आला. लॅबचे सर म्हणाले, व्हायरस असेल.

धूळपाटीकर
व्हायरस नाही. एका आयपी पत्त्यावरून दिवसाला सहाच नवी खाती निघतात आणि तुमची लॅब बाहेरून एकच पत्ता दिसते. कार्यशाळेसाठी ही मर्यादा उठवून मिळते, फॅब्रिकेटरवर, म्हणजे विकिपीडियाच्या तांत्रिक विनंत्यांच्या संकेतस्थळावर, तारीख आणि आयपी देऊन निदान आठवडाभर आधी मागावं लागतं. आता मुलांना घरून काढायला सांगा. एक माणूस, एक खातं. संस्थेच्या नावाचं आणि सामाईक वापराचं खातं अडवतात, तुमचं त्यामुळेच अडलं असणार.

आणि नवीन लेखांचा आग्रह सोडा. मराठी विकिपीडियावर हजारो गावांची पानं एकाच साच्यात ओतलेली पडून आहेत, हवामानाचं वाक्यसुद्धा तेच. तुमच्या मुलांनी गावाचं पान आहे का न बघता दुसरं बनवलं असेल, म्हणून त्यावर सूचना लागली. आहे त्या पानात भर घाला. २०११च्या जनगणनेची जिल्हा पुस्तिका आणि जिल्हा गॅझेटियर, एवढ्यावर चार परिच्छेद सहज होतात, संदर्भासकट. आधी धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर, लिहा, मग हलवा. गावची बारव, वीरगळ यांचे फोटो मुलांनी स्वतः काढून कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या मुक्त चित्रसाठ्यावर, चढवावेत, गुगलवरचे नकोत.

इनस्क्रिप्ट_भक्त
मुलं टाइप कशात करतात? फोनेटिकची, म्हणजे इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवायची, सवय लावू नका, हाताला आयुष्यभर वळण लागत नाही.

तासिकावाली
दोघांनी घरून जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून आणलं होतं. चिकटवलं तर पानभर इंग्रजी अक्षरं आणि कंस.

वांगीभात
ते युनिकोडमध्ये बदलून घ्या. नाहीतर विकिपीडियाच्या चौकटीतच कंट्रोल आणि एम दाबा, मराठी सुरू होतं.

इनस्क्रिप्ट_भक्त
सुरू होतं, पण लिप्यंतर. मी त्याबद्दलच बोलतोय.

तासिकावाली (दोन दिवसांनी)
११ मुलांची खाती झाली. एका मुलीनं तिच्या गावच्या पानात बारवेची माहिती गॅझेटियरच्या संदर्भासह घातली, आजीला पायरीवर बसवून फोटो काढला होता, मग आजी बाजूला करून दुसरा काढला. कुणीतरी तिला 'धन्यवाद' पाठवलाय, ती वर्गभर मोबाइल दाखवत फिरतेय. विभागप्रमुखांना सांगितलं तर म्हणाले, नवीन लेख किती ते बोला, नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयाच्या मूल्यांकनाच्या, फाइलला आकडा लागतो. अहवालात धूळपाटीवरची पानं 'लेख' म्हणून धरता येतील का?

धूळपाटीकर
नाही. 'संपादनं' असा रकाना करा आणि प्रत्येक मुलाच्या 'योगदान' पानाची छापील प्रत जोडा. आकडा लेखांपेक्षा मोठाच दिसेल.

जुना_कोशवाला
आजीचा फोटो ठेवायला हवा होता.