बेसमेंटच्या रेलिंगचा रंग काढण्यावरून

सेक्रेटरी: नमस्कार मंडळी. सोमवारपासून बेसमेंटच्या रॅम्पवरील रेलिंगचा जुना रंग काढून नवीन मारायचं काम सुरू होत आहे. थोडा वास येईल. सहकार्य करावे.

ए-२०४: वास कसला? आमच्याकडे चार महिन्यांचं बाळ आहे.

सेक्रेटरी: रंग काढायच्या रिमूव्हरचा. कंत्राटदार म्हणतो तासाभरात उडून जातो.

डी-८०२: आठव्या मजल्यापर्यंत काही येत नाही. आम्ही सुटलो.

बी-६०४: रिमूव्हर कुठला आहे? कॅनचा फोटो टाका ना. पुढचं रंगीत लेबल नको, मागचं बारीक छापलेलं.

सेक्रेटरी: (फोटो)

बी-६०४: मिथिलीन क्लोराइड, आणि तेही बहुतांश तेच. सोमवारचं काम थांबवा. जेवणानंतर नीट लिहिते.

सी-५०१: ताई, 'हवेशीर जागेत वापरा' असं लिहिलंय की त्यावर. पंखा लावला की झालं.

ए-१०१: प्रत्येक गोष्टीत केमिकल केमिकल करून घाबरवायचं. पाणी पण केमिकलच आहे.

बी-६०४: काका, पाण्याबद्दल अगदी बरोबर. पण हे पाणी नाही.

तुम्हाला माहीतच आहे, मी कारखान्याच्या सेफ्टी विभागात नोकरी केली. पेंट शॉपमध्ये या पदार्थाची हवेतली मोजणी करणं हे आमचं नेहमीचं काम होतं. त्याची वाफ हवेच्या जवळपास तिप्पट जड असते. त्यामुळे ती उडून जात नाही, खाली बसते. रॅम्पच्या तळाशी, जिथे पेंटर उकिडवा बसून खरवडणार, तिथेच ती साचणार. डी-८०२ ला काही कळणार नाही हे खरं आहे, पण प्रश्न आठव्या मजल्याचा नाहीच.

जास्त प्रमाणात ही वाफ भूल दिल्यासारखी काम करते. माणसाला गरगरतं, आणि उठून बाहेर जायचं सुचायच्या आत तो पडतो. शिवाय शरीरात गेल्यावर त्यातल्या काही भागाचा कार्बन मोनॉक्साइड बनतो, म्हणजे बंद खोलीत शेगडी ठेवली की जो वायू जीव घेतो तोच. बाहेर मोकळ्या हवेत आल्यावरही तो काही वेळ बनत राहतो. ज्याला हृदयाचा त्रास आहे त्याचं काय होईल ते वेगळं सांगायला नको. अमेरिकेत २००० ते २०११ या काळात बाथटबचा जुना थर काढताना हेच वापरणाऱ्या १३ कामगारांचे मृत्यू सरकारी यंत्रणेने नोंदवले. लहान बाथरूम, बंद दार, टबात वाकलेला माणूस. आपला बेसमेंट म्हणजे मोठं बाथरूमच समजा.

आता वासाबद्दल. अमेरिकेतल्या कामगार सुरक्षा खात्याची मर्यादा १९९७ पासून आठ तासांच्या सरासरीला २५ पीपीएम आहे, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग. त्याआधी ती ५०० होती! नाकाला वास जाणवायला लागतो तो २५ च्या कित्येक पट जास्त झाल्यावर. म्हणून 'फार वास आला तर बाहेर या' ही सूचना निरुपयोगी आहे. वास आला तोपर्यंत उशीर झालेला असतो.

सी-५०१: मग मास्क देऊ ना सगळ्यांना. कोविडमधले एन-९५ पडून आहेत माझ्याकडे डबाभर.

बी-६०४: एन-९५ धुळीसाठी आहे. वाफ त्यातून सरळ आत जाते, जाळीतून पाणी जावं तशी. सेंद्रिय वाफेसाठी कोळशाचं काडतूस असलेला मास्क असतो. या पदार्थापुढे तोही लवकर भरून जातो, म्हणून नियमावलीत बाहेरून हवा पुरवणारा मास्कच लावायला सांगतात. हातमोज्यांचंही तेच. नेहमीचे निळे नायट्राइलचे मोजे काही मिनिटांत पार होतात.

ए-१०१: इतकी वर्षं पेंटर हेच वापरत आलेत. त्यांना काही झाल्याचं ऐकलं नाही.

बी-६०४: ऐकू कुठून येणार काका? पेंटर दुसऱ्या साइटवर जातो. छातीत दुखून गेला तर हार्ट ॲटॅक म्हणून सोडून देतात, त्या दिवशी त्याने कुठला कॅन उघडला होता हे कोण विचारतं? आणि वीस वर्षांनी मूत्राशयाचा कॅन्सर निघाला तर आपल्या रेलिंगशी त्याचा संबंध कोणी जोडणार नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था आहे ना, जागतिक आरोग्य संघटनेची, तिने नुसत्या एखाद्या रसायनाला नाही, तर 'पेंटर' या व्यवसायालाच पहिल्या गटात टाकलंय. म्हणजे माणसात कॅन्सर होतो याचा पुरेसा पुरावा आहे.

ए-१०१: त्या यादीत कोरफडीचा अर्क पण आहे. नातवाने दाखवलं मला. मग ती यादी काय कामाची?

बी-६०४: आहे, अख्ख्या पानाचा अर्क, २बी गटात, म्हणजे 'कदाचित कॅन्सर होत असेल' अशा गटात. प्रश्न चांगला आहे. ती यादी पुरावा किती पक्का ते सांगते. धोका किती मोठा ते नाही सांगत. एकाच गटातल्या दोन गोष्टींमुळे कॅन्सर होण्याची शक्यता अगदी वेगळी असू शकते. धोका ठरतो तो किती, किती वेळ आणि कोणाच्या अंगात गेलं यावर. म्हणून तर म्हणते, यादी बघून घाबरू नका आणि यादीवर हसूही नका. कॅनजवळ कोण बसणार आहे ते बघा.

ए-२०४: ताई, पण मर्यादेच्या आत असेल तर आपण सेफ ना? सरकारने ठरवलेली असते ती.

बी-६०४: कोणासाठी ठरवली ते बघ. कामाच्या जागेची मर्यादा धडधाकट मोठ्या माणसासाठी असते, दिवसाचे आठ तास, मग घरी जाऊन मोकळी हवा. चोवीस तास घरात असलेल्या बाळासाठी तो आकडा नाहीच. आणि आकडेही जुने असतात. अमेरिकेतल्या बहुतेक मर्यादा १९७१ मध्ये एकदम लागू केल्या, त्याही १९६८ च्या यादीवरून. त्यातल्या बऱ्याचशा आजही तशाच आहेत, आणि त्या कालबाह्य आहेत हे ते खातं स्वतःच मान्य करतं.

सी-३०३: म्हणजे तपासून मगच विकायला परवानगी देत नाहीत का? औषधांसारखं?

बी-६०४: औषधांसारखं नाही. अमेरिकेत १९७६ चा कायदा आला तेव्हा बाजारात आधीपासून असलेली सुमारे ६२,००० रसायनं जशीच्या तशी चालू ठेवली. तपासणीची खरी सक्ती २०१६ च्या दुरुस्तीने आली. युरोपने २००७ मध्ये उलटं केलं. माहिती द्या, मगच विका, आणि पुरावा द्यायची जबाबदारी कंपनीची. हाच रिमूव्हर युरोपात सामान्य ग्राहकासाठी २०१२ च्या आधीच बंद झाला. अमेरिकेत घरगुती वापरासाठी २०१९ मध्ये, आणि बहुतेक बाकी कामांसाठी बंदीचा नियम २०२४ मध्ये आला. जिथे चालू ठेवला तिथे मर्यादा २५ वरून २ पीपीएमवर आणली. रसायन तेच, माणसाची फुप्फुसं तीच. तारखा तेवढ्या वेगळ्या.

सेक्रेटरी: कंत्राटदाराशी बोललो. तो म्हणतो दुसरा आणतो, 'मिथिलीन क्लोराइड फ्री', वासही येत नाही. मग अडचण नाही ना?

बी-६०४: 'फ्री' म्हणजे काय नाही ते कळलं. काय आहे ते विचारा. अशा कॅनमध्ये बऱ्याचदा एनएमपी नावाचं दुसरं द्रावक असतं. त्याला वास खरंच कमी आहे, पण ते त्वचेतून आत जातं आणि गर्भाला अपाय करतं, म्हणून युरोपने त्यावरही बंधन आणलंय. बिनवासाचा म्हणून पेंटर निर्धास्त उघड्या हाताने वापरणार. मला तर त्याचीच जास्त भीती वाटते. एक बंद करून त्याच्या जागी तितकंच वाईट दुसरं आणायचं, हा या उद्योगाचा जुना खेळ आहे. प्लॅस्टिकमधलं बीपीए काढलं आणि त्याचा भाऊ बीपीएस आणला, तसं.

डी-८०२: मग ग्राइंडरने घासून टाकू. केमिकलच नको.

बी-६०४: अहो नाही! रेलिंग बिल्डिंगइतकंच जुनं आहे. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. ग्राइंडर लावला की त्याची बारीक धूळ होते. ती रॅम्पवर बसणार, गाड्यांच्या टायरला लागून, चपलांना लागून वर येणार. पेंटरच्या कपड्यांतून त्याच्या घरी जाणार, त्याच्या पोरांपर्यंत. लहान मुलांच्या मेंदूसाठी शिशाची सुरक्षित अशी कुठलीच पातळी नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आधी रंगाचा एक तुकडा प्रयोगशाळेत पाठवू. शिसं निघालं तर ओलं करून हाताने घासायचं, खाली प्लॅस्टिक अंथरायचं आणि कपडे तिथेच बदलायचे.

खरं तर सगळं खरवडायचंच कशाला? मी फिरून पाहिलं. पोपडे खालच्या टोकाशी आहेत, वरचा रंग पक्का आहे. तेवढा भाग ओला घासून वरून पाण्यात मिसळणारा रंग मारला तरी चालेल. काम टळलं की धोकाही टळला. कारखान्यात पण क्रम हाच असतो. आधी काढून टाका, नाही जमलं तर बदला, मग हवा खेळवा, आणि मास्क-मोजे सगळ्यात शेवटी. आपण मंडळी सुरुवातच मास्कपासून करतो.

सी-३०३: विषय निघालाच आहे तर सांगते. मागच्या आठवड्यात क्लब हाऊसचं टॉयलेट धुताना मावशींना जोरात ठसका लागला, डोळ्यांतून पाणी. मी त्यांना बाहेर आणून बसवलं. म्हणाल्या, 'दोन्ही टाकलं की पांढरंशुभ्र निघतं.'

बी-६०४: दोन्ही म्हणजे ॲसिड आणि ब्लीच ना? ते एकत्र आलं की क्लोरिन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात १९१५ मध्ये खंदकांवर सोडलेला तोच. ब्लीच आणि अमोनियावाला काचेचा क्लीनर हेही चालत नाही. आणि ठसका थांबला म्हणजे संपलं असं नाही. फुप्फुसात पाणी व्हायला काही तासही लागू शकतात, त्यामुळे त्या दिवशी त्यांना डॉक्टरकडे न्यायला हवं होतं. आता कशा आहेत?

सी-३०३: आता बऱ्या आहेत. पण खोकला आहे थोडा. उद्या घेऊन जाते.

बी-६०४: नक्की ने. आणि दोष मावशींचा नाही. आपण ब्लीच आणि ॲसिड दोन्ही पाण्याच्या जुन्या बाटल्यांत भरून ठेवलंय, वर नाव नाही, काही नाही.

खजिनदार: मोठा कॅन स्वस्त पडतो म्हणून मीच बाटल्यांत ओतायला सांगितलं होतं. उद्याच बदलतो.

ए-२०४: ताई, एक शेवटचं. बाळाच्या खोलीत नवीन प्लायचं कपाट केलंय. अजून डोळे चुरचुरतात आत गेलं की.

बी-६०४: फॉर्माल्डिहाइड असणार, प्लायच्या गोंदातलं. उष्मा आणि दमटपणा वाढला की ते जास्त सुटतं. सध्या बाळाला दुसऱ्या खोलीत झोपव. कपाटाची दारं आणि खिडक्या दिवसभर उघड्या ठेव. आतल्या ज्या कडा कच्च्या आहेत त्यांना पट्टी लावून घे, सगळ्यात जास्त तिथूनच सुटतं. सुगंधी स्प्रे अजिबात नको, त्याने फक्त वास झाकला जातो. युरोपात ऑगस्ट २०२६ पासून फर्निचरसाठी ०.०६२ मिलिग्रॅम प्रति घनमीटर अशी मर्यादा ठरवलीय. पुढच्या वेळी प्लाय घेताना उत्सर्जनाची श्रेणी, म्हणजे त्यातून हे किती सुटतं ते, विचारून घे.

ए-१०१: बरं, मग कंत्राटदाराला नेमकं काय विचारायचं? मी बोलतो त्याच्याशी. तो सेक्रेटरींना गुंडाळतो.

बी-६०४: काका, एकच कागद मागा. सेफ्टी डेटा शीट. १६ भाग असतात तिचे. दुसऱ्यात धोके, तिसऱ्यात घटक, आठव्यात मर्यादा आणि संरक्षण. बाकीचं नाही वाचलं तरी चालेल. चिन्हांमध्ये छातीवर चांदणी फुटलेला माणूस दिसला तर मला फोन करा. शीट नाही म्हणाला तर माल गेटच्या आत नाही.

ए-१०१: नाही म्हणून तर दाखवू दे.

सेक्रेटरी: ठरलं तर. सोमवारचं काम पुढे ढकललं. रंगाचा तुकडा तपासायला पाठवतो, रिपोर्ट आला की मीटिंग. बेसमेंटमधल्या गाड्या हलवायची गरज नाही.

डी-८०२: आणि ते आणून ठेवलेले कॅन? पंपरूममध्ये आहेत.

बी-६०४: पंपरूममध्ये?? तिथे तर खिडकीही नाही. कोणीही आत जाऊ नका, एकट्याने तर नाहीच. आधी दार उघडून ठेवा. झाकणं घट्ट आहेत ना ते बघून कंत्राटदारालाच उचलायला लावा. आणि गटारात ओतायचे नाहीत, हे त्याला लेखी द्या.

सेक्रेटरी: चावी वॉचमनकडे आहे. सांगतो त्याला, दार उघडून बाहेरच थांब म्हणून.